काट्यांचे दफ्तर

फाल्गुनातल्या उतरत्या उन्हात, हरभऱ्याचे खळे उरकून आलेला मनुष्य ज्या तृप्त थकव्याने कुठेही टेकतो त्याच थकव्याने तात्या गुरुजींच्या गच्चीवरील बाकावर येऊन बसले, आणि समोर ओळीने मांडलेल्या सव्वाशे कुंड्यांकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिले, ती नजर तलाठ्याच्या दफ्तरात बसून उभ्या हयातीत पडीक जमिनींचे पंचनामे केलेल्या माणसाचीच असू शकते. गुरुजी शाळामास्तर, तात्या निवृत्त तलाठी. साखरखेर्ड्यात या दोघांची मैत्री जितकी जुनी, तितकेच त्यांचे मतभेदही जुने, आणि गावातल्या कित्येकांना त्यांच्या मैत्रीपेक्षा मतभेदांचीच अधिक गोडी. मी गुरुजींचा विद्यार्थी. उन्हाळ्यापूर्वी कुंड्या जाळीखाली सरकवायच्या असल्या, म्हणजे मला बोलावणे येते, आणि त्या निमित्ताने हा संवाद माझ्या कानी पडला.

"गुरुजी, राग मानणार नसाल तर एक विचारतो," तात्यांनी प्रारंभ केला. "आपल्या बापजाद्यांनी बांधावरचा निवडुंग खणता खणता कंबरडी मोडून घेतली, आणि तुम्ही तोच निवडुंग रोख पैसे मोजून, डोक्यावरून गच्चीवर चढविता, हे कोणत्या शास्त्रात बसते? झाड म्हटले की त्याची सावली असावी, नाहीतर फळ असावे, नाहीतर निदान सरपण तरी असावे. यांच्याकडे यांतले काय आहे?"

"सावली नाही, फळ असून नसल्यासारखे, आणि सरपण तर मुळीच नाही," गुरुजी शांतपणे म्हणाले. "पण आधी आरोपीची ओळख तरी पटवून घ्या. तुमच्या बांधावरचा त्रिधारी निवडुंग हा यांच्या कुळातलाच नव्हे. तो एरंडाचा भाऊबंद."

असे म्हणून त्यांनी खिशातले भिंग काढले आणि एका मुठीएवढ्या, गोल, पांढुरक्या झाडाच्या अंगाला लावून तात्यांना वाकून पाहण्यास सांगितले. मीही पाहिले. हिरव्या कातडीवर चक्राकार चढत गेलेले असंख्य उंचवटे, प्रत्येक उंचवट्याच्या माथ्यावर कापसाच्या पुंजक्यासारखी एक इवलीशी गादी, आणि त्या गादीतून, जणू टाचण्या खोचण्याच्या उशीतून निघावे तसे, वीसपंचवीस शुभ्र काटे चहूकडे फाकलेले. आणि शिखरापासून थोडे खाली, उंचवट्यांच्या बेचक्यांतून, करंगळीच्या नखाहून लहान अशा गुलाबी फुलांचे एक अखंड कडे त्या झाडाने मुंडावळीसारखे मिरविलेले.

"ही गादी ज्याच्यावर असेल तेच कॅक्टसचे कूळ, दुसरे कोणतेही नाही," गुरुजी सांगू लागले. "लोक चिकावरून ओळखायला जातात आणि फसतात, कारण ही जी मॅमिलारिया तुम्ही पाहता, तिच्या कित्येक जातींना टोचले तर पांढरा चीक येतो. गादी मात्र फसवीत नाही. सुमारे दीड-पावणेदोन हजार जातींचे हे सबंध खानदान मूळ अमेरिका खंडाचे रहिवासी. एक झाडावर लोंबणारी जात तेवढी आपणहून आफ्रिका ओलांडून श्रीलंकेपर्यंत पोचली, बाकी सगळे माणसाच्या हातून आले."

"म्हणजे फड्या निवडुंगसुद्धा?"

"फड्या निवडुंग खरा कॅक्टस, आणि खरा परकीय. त्याची तर एक मौजेची हकीकत आहे. पलटणीतल्या अधिकाऱ्यांचे तांबडे डगले ज्या किरमिजी रंगाने रंगवीत, तो रंग या निवडुंगावर वाढणाऱ्या एका किड्यापासून निघे, आणि त्या रंगाची मक्तेदारी स्पेनकडे. कंपनी सरकारला तो पैसा सलत होता. म्हणून १७९५ साली ब्राझीलहून तो किडा हिंदुस्थानात आणविला. पण आला तो हलक्या जातीचा. रंग बेताचा, भूक मात्र अफाट. रंगाचा कारखाना बसला, आणि किड्याने मैलोगणती रानातला निवडुंग फस्त करून टाकला. पुढे हीच चूक लोकांनी जाणूनबुजून केली. निवडुंग हटविण्यासाठी तो किडा दक्षिणेत सोडला, सिंहलद्वीपातही नेला, आणि १९२६ च्या सुमारास त्याचा दुसरा भाऊ तिकडून इकडे आणला. एका कीटकाला हाताशी धरून तणाचा बंदोबस्त करण्याच्या विद्येत हे प्रकरण आजही पहिल्या पानावर सांगतात."

तात्यांना हिशेबातली चूक नफ्यात गेल्याची गोष्ट मनापासून आवडते, ते हसले. पण हसून मुद्दा सोडणारे ते नव्हेत. "ते असो. किडा कामाचा ठरला, निवडुंग नव्हे. हे आणखी काय? हे तर घागरीएवढे आहे!"

गच्चीच्या नैऋत्य कोपऱ्यात, विटांच्या स्वतंत्र ओट्यावर, गुरुजींच्या संग्रहाचा जो मुकुटमणी विराजमान होता, त्याच्याकडे त्यांचे बोट होते. सोनेरी पिपासारखा तो कॅक्टस पहिल्यांदा पाहणाऱ्याचा शब्द खुंटतो हे मी अनेकदा पाहिले आहे. तळापासून माथ्यापर्यंत सरळ, धारदार, मोजून सत्तावीस धारा. प्रत्येक धारेवर मधाच्या रंगाचे वाकडे काटे. आणि माथ्यावर पिवळसर लोकरीची एक मऊ टोपी, जिच्यातून नवे काटे बाहेर पडत असताना उन्हात केशराच्या काड्यांसारखे दिसतात. गुरुजींनी हे रोप बावीस वर्षांपूर्वी पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधल्या पुष्पप्रदर्शनातून आणले, तेव्हा ते लिंबाएवढे होते आणि एसटीच्या प्रवासात त्यांनी ते बिस्किटाच्या डब्यात, मांडीवर, आणले होते.

"जर्मन लोक याला 'सासूची बैठक' म्हणतात," गुरुजी म्हणाले.

"वा! म्हणजे तिकडेही प्रपंच असाच," तात्या उद्गारले. "बावीस वर्षांत फूल आले?"

"नाही."

"एकही नाही?"

"हातभर रुंद झाल्याशिवाय आणि भरपूर ऊन खाल्ल्याशिवाय तो फुलत नाही. आणखी दहा वर्षे लागतील. कदाचित मी पाहणार नाही."

"अहो, बावीस वर्षांत मनुष्य संत्र्याची बाग लावतो, तिचा बहार धरतो, म्हातारी झाली म्हणून तोडतो आणि नवी लावतो! तुम्ही बावीस वर्षे एका घागरीची राखण केलीत, आणि घागर रिकामीच!"

गुरुजी यावर काही क्षण बोलले नाहीत. मग ते जे बोलले, त्याने संवादाचे वळणच बदलले. "तात्या, हा धरणग्रस्त आहे," ते म्हणाले. "मेक्सिकोत केरेतारो आणि हिदाल्गो या प्रांतांच्या सीमेवर मोक्तेसुमा नावाच्या नदीची खोल दरी आहे, त्या दरीच्या चुनखडी उतारांवर याचे मूळ गाव. १९९० नंतर तिथे सिमापानचे धरण झाले आणि याची वस्ती पाण्याखाली गेली. थोडी कड्यांवर उरली, थोडी लोकांनी उपटून नेली. आज जगातल्या प्रत्येक मोठ्या बागेत, हॉटेलांच्या दारांत, रोपवाटिकांत हा लाखांनी उभा आहे, आणि स्वतःच्या गावात मात्र त्याची गणना संकटग्रस्तांत होते."

तात्यांच्या चेहऱ्यावरचे मिस्कील भाव ओसरले. नोकरीत असताना आपल्याच जिल्ह्यातल्या एका बुडीत क्षेत्रात त्यांनी घरांचे पंचनामे केले होते, हे मला ठाऊक होते. त्याविषयी ते सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले. "नमुन्यात रकाने होते," ते म्हणाले. "भिंत मातीची की विटांची, खण किती, फळझाडे किती, विहीर पक्की की कच्ची. एक म्हातारी तुळशीवृंदावन दाखवून म्हणाली, 'हे काहून लिहीत नाही?' त्याला रकाना नव्हता. मी फळझाडांत एक वाढवून टाकले." आणि ओट्यावरच्या त्या पिपाकडे पाहून, स्वतःशीच बोलल्यासारखे, "बरं, हा धरणग्रस्त. मग याचे नाव काय म्हणता तुम्ही?"

"तेही एक फेरफाराचे प्रकरण आहे. १८९१ साली याचे नाव एकिनोकॅक्टस ग्रुसोनाय असे ठेवले. जर्मनीतल्या माग्देबुर्गचे ग्रुसोन नावाचे लोखंडाचे कारखानदार कॅक्टसचे मोठे शौकीन होते, त्यांच्यावरून. पुढे शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले की, याचे नातेगोते त्या घराण्याशी जुळत नाही; म्हणून २०१४ मध्ये त्याला वेगळे काढून क्रोनलायनिया असे नवे आडनाव दिले. पण बागवाल्यांच्या तोंडी अजून जुनेच नाव आहे."

"ते तसेच राहणार," तात्या ठामपणे म्हणाले. "आपल्याच गावाचे पाहा ना. १७२४ च्या ऑक्टोबरात निजामुल्मुल्काने मुबारिजखानाला याच मातीत मारले, दख्खनची सुभेदारी आपल्या घरात कायमची केली आणि विजयाच्या भरात गावाचे नाव फत्तेखेर्डा ठेवले. दफ्तरात चढले, सनदांत चढले. पण लोकांच्या जिभेवर साखर होती ती तशीच राहिली. नाव ठेवणे सरकारच्या हातात, चालवणे रयतेच्या."

मला येथे नमूद केले पाहिजे की, काटेरी झाड घरात ठेवू नये, त्याने कलह वाढतो, असा जो एक समज वास्तुशास्त्राच्या नावाखाली अलीकडे फैलावला आहे, त्याचा उच्चार दोघांपैकी कोणीही केला नाही. दोघांनी आपापल्या आयुष्यात कलह इतका पाहिला होता की, त्याचे खापर कुंडीवर फोडण्याइतके भोळेपण त्यांच्यात उरले नव्हते.

मग तात्यांना लागवडीची चौकशी करावीशी वाटली, आणि शेतकरी जसा दुसऱ्याच्या पिकात दोष शोधूनच प्रवेश करतो, तसा त्यांनी प्रवेश केला. "ही माती आहे की रस्त्याची खडी?"

"तीच तर किल्ली आहे," गुरुजी म्हणाले. "पहिल्या वर्षी मीही तुमच्यासारखाच विचार केला. आपल्या काळ्या जमिनीसारखी जमीन त्रिखंडात नाही, असे समजून कुंड्या काळ्या मातीने आणि मुरलेल्या शेणखताने गच्च भरल्या. मृगापर्यंत सगळे टवटवीत. भाद्रपदात एकाला हात लावला, तर बोट आत गेले. वरून हिरवागार, आतून नासक्या भोपळ्यासारखे पाणी. त्या पावसाळ्यात एकोणीस झाडे गेली. काळी माती पाणी धरते हे तिचे पुण्य कापसाला, यांना तेच पाप. आता मी मुरूम चाळून घेतो, भुकटी फेकतो, हरभऱ्याएवढे खडे ठेवतो. त्यांत ओढ्याची धुतलेली वाळू, थोडा विटांचा चुरा, लाकडी कोळसा, आणि शेणखत जेमतेम चवीपुरते. मीठ घालतो तसे."

"आणि पाणी?"

"घालण्यापेक्षा न घालण्याचे शास्त्र मोठे. कार्तिकापासून माघापर्यंत जवळजवळ निर्जळी. त्या उपवासावरच वसंतातली फुले अवलंबून. आता फाल्गुनात पहिले पाणी, तेही भरपूर, आणि पुन्हा माती तळापर्यंत वाळेतो नाही. वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा लोक कीव येऊन रोज पाणी घालतात आणि मारतात. त्याचे कारण असे की, आपली झाडे दिवसा श्वास घेतात. ही दिवसा सगळी दारे लावून बसतात आणि रात्री गारव्यात उघडतात. रात्रीही भिंती तापलेल्या असल्या, तर दारे नीट उघडत नाहीत. झाड झोपी जाते. झोपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. पावसाळ्यात वर काच किंवा प्लास्टिक, चारही बाजू मोकळ्या. एवढे पाळले की उरतात दोन चोर: पिठ्या ढेकूण आणि लाल कोळी. पिठ्या मुळांतही दडतो, म्हणून दोन वर्षांतून एकदा झाड उपटून, मुळे झटकून पाहायचे. उपटताना वर्तमानपत्राची चौपदरी पट्टी कमरेला गुंडाळायची. आणि नव्या कुंडीत आठवडाभर थेंबही नाही, तुटलेली मुळे भरून येईतो."

तात्यांचे लक्ष तोवर दुसरीकडे गेले होते. प्रत्येक कुंडीच्या काठावर, एकाच दिशेला, चुन्याचा एक ठिपका होता. "ही हद्दीची खूण कसली?"

"दक्षिण. एका अंगाने ऊन खाण्याची सवय झालेले झाड हलविताना फिरले, तर कोवळे अंग उन्हाकडे येते आणि करपून पांढरा डाग पडतो; तो डाग मरेपर्यंत जात नाही. मेक्सिकोच्या आणि अमेरिकेच्या वाळवंटात फेरोकॅक्टस नावाचे पिपासारखे झाड आहे, ते वाढता वाढता दक्षिणेलाच झुकते. वाटसरू त्यावरून दिशा ओळखतात."

चतुःसीमेचा हा विचार तात्यांना पटला असावा. कारण त्यांनी पुढचा प्रश्न अधिक सौम्यपणे केला. एका तीनधारी हिरव्या दांड्यावर बसविलेल्या, भडक लाल रंगाच्या चेंडूकडे बोट करून ते म्हणाले, "हे मात्र बाजारू दिसते."

"आहेच. १९४१ साली जपानमध्ये जिम्नोकॅलिशियमच्या हजारो रोपांत दोन लाल निघाली. हरितद्रव्यच नाही, स्वतःचे अन्न शिजविता येत नाही. दुसऱ्याच्या खुंटावर कलम केले म्हणून जगली, आणि त्यांचीच प्रजा आज दुकानोदुकानी विकते. खालचा खुंट मात्र ओळखीचा आहे, पाहा. अलीकडे आपल्याकडे सिमेंटच्या खांबांवर जे ड्रॅगन फ्रूट चढविताना दिसते, त्याचा तो सख्खा भाऊबंद."

"ड्रॅगन फ्रूट कॅक्टस आहे?" तात्या सरसावून बसले. "मग तुम्ही इतका वेळ फळ नाही, फळ नाही, हे काय सांगत होता!"

मला वाटले, आता वाद मिटला. पण गुरुजी आपला विजय इतक्या स्वस्तात घेणारे नव्हते. "फळासाठी मी ही झाडे ठेवीत नाही, आणि फळाच्या सबबीने ती तुमच्याकडून मान्यही करून घेणार नाही," ते म्हणाले. "खसखशीएवढे बी मिठाईच्या झाकणाच्या डब्यात पेरावे, पाचव्या-सहाव्या दिवशी हिरवा मणी दिसावा, त्या मण्याला वर्षाने पहिले खरे काटे यावेत, आणि पाच वर्षांनी त्याचे लिंबू व्हावे, यात मला जे मिळते ते मिळते. तुम्हांला ते दाखविता येणार नाही."

"तर मग नादच म्हणा."

"नादच."

"नाद असायला हरकत नाही, पण नादालाही दफ्तर लागते. कोणते झाड कुठून आले, याची काही नोंद आहे, की सगळा तोंडी कारभार?"

गुरुजी जणू या प्रश्नाचीच वाट पाहत होते. त्यांनी मला आतून वही आणावयास सांगितले. लांबट, कापडी बांधणीची, किराणा दुकानात उधारीसाठी असते तसली ती वही. डाव्या पानावर अनुक्रमांक आणि नाव, उजव्या पानावर बी की पिलू की कलम, कोणाकडून, कोणत्या तारखेस, आणि शेवटच्या रकान्यात काही जातींपुढे अक्षरे आणि आकडे. तात्यांनी चष्मा पुसला आणि ज्या गांभीर्याने ते एके काळी फेरफाराचे रजिस्टर उघडीत, त्याच गांभीर्याने त्यांनी पान उलटले.

"हे एल आणि डब्ल्यू आर काय?"

"एल म्हणजे आल्फ्रेड लाऊ, डब्ल्यू आर म्हणजे वाल्टर राउश. हे डोंगर-वाळवंटे धुंडाळणारे लोक. त्यांनी जिथे बी टिपले तिथे क्रमांक दिला, आणि तो क्रमांक बियांबरोबर पिढ्यान्पिढ्या चालत येतो. त्यावरून हे रोप कोणत्या दरीतले, कोणत्या उतारावरचे, ते इथे साखरखेर्ड्यात बसून सांगता येते. क्रमांक हरवला की झाड जगते; पण त्याचे गाव मरते."

"हा तर सातबारा आहे!" तात्या म्हणाले, आणि त्यांच्या स्वरात प्रथमच निर्भेळ आदर होता. बोट फिरवीत फिरवीत ते खाली येत गेले, आणि एका ओळीवर थांबले. "अनुक्रमांक त्र्याहत्तर. उजवे पान कोरे. का?"

गुरुजींचा चेहरा मी त्या क्षणी पाहिला, आणि शाळेत गृहपाठ न केलेल्या मुलाचा चेहरा मला आठवला. त्र्याहत्तर क्रमांकाची कुंडी त्यांनी मागच्या ओळीत, जवळजवळ लपवून, ठेवली होती. राखेसारखा पांढरा, मेणचट थर चढलेला, एका अंगाने दबलेला, तळाशी बुचासारखा तपकिरी पडलेला एक गोळा. "कोपियापोआ," ते हळूच म्हणाले. "चिलीच्या अटाकामा वाळवंटातला. नऊ वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून मागविला. पुडके उघडले तेव्हा मूळ अंगठ्याएवढे जाड आणि कुऱ्हाडीने तोडल्यासारखे होते. तेव्हा समजले नाही. किंवा समजून घेतले नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हे कुंडीत वाढलेले नाही. हे रानातून उपटलेले आहे. कुंडीतले झाड सर्व अंगांनी सारखे, गुळगुळीत असते. या व्रणांना पन्नास वर्षे लागतात. कॅक्टसचे जवळजवळ सबंध कूळ १९७५ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारकराराखाली आहे, आपला देशही त्यात १९७६ पासून सामील आहे. पण करार बंदरावर असतो, मोह घरात असतो. २०१५ साली जगातल्या कॅक्टसची मोजदाद झाली, तेव्हा शंभरांतल्या एकतीस जाती धोक्यात निघाल्या, आणि त्याच्या कारणांत माझ्यासारखे शौकीनही होते. २०२० साली इटलीत एका घरातून हजाराच्या वर अशी झाडे जप्त झाली, बहुतेक हीच जात; दुसऱ्या वर्षी त्यांतली शेकडो विमानाने चिलीला परत गेली. ती बातमी वाचली त्या दिवसापासून हे पान कोरे आहे."

"परत पाठवा."

"एका झाडाला कोण परत घेईल? आणि कोणत्या डोंगरावर ठेवणार? गावच ठाऊक नाही. फेकून देऊ तर तेही पापच."

तात्या बराच वेळ बोलले नाहीत. खाली पलसिद्ध मठाच्या बाजूने येणाऱ्या गुरांच्या घंटा ऐकू येत होत्या, आणि सोनेरी पिपाच्या काट्यांवरचे ऊन माथ्यापासून धारेधारेने उतरत चालले होते. शेवटी त्यांनी वही गुडघ्यावर सरळ केली.

"याची पिले विकू नका. प्रदर्शनात ठेवू नका. तुमच्या नावाची चिठ्ठी त्यावर लागली की, दुसऱ्या कोणाला तसेच हवेसे वाटेल. सांभाळा. पण पान कोरे ठेवणे हा गुन्हा पहिल्यापेक्षा मोठा. लिहा: मूळ गाव, अज्ञात. आणलेली रीत, बेकायदा असण्याचा संशय. मालक..." ते थांबले. "मालकाचा रकाना मोकळा. त्याच्या पुढे नवा रकाना आखा, कब्जेदार, आणि तिथे तुमचे नाव घाला. कब्जा आणि मालकी यांत फरक आहे, गुरुजी. अर्धी नोकरी मी हाच फरक लोकांना समजावण्यात घालविली."

गुरुजींनी मुकाट्याने पट्टी घेतली, रकाना आखला, आणि वहीच्या दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने लिहू लागले.

"एक पिलू नेता का, तात्या? मॅमिलारियाचे आहे, बावन्न क्रमांकाचे. दाखला स्वच्छ आहे."

"नको. नातवंडे रांगती आहेत, आणि माझे मत अजून बदललेले नाही," तात्या म्हणाले, आणि गुरुजींच्या हातातल्या पेन्सिलीकडे पाहून त्यांच्या कपाळावर पुन्हा ती जुनी दफ्तरी आठी उमटली. "अहो, हे काय? हक्काची नोंद पेन्सिलीने करतात होय? अरे बाळ, जा, आतून शाईचे पेन आण."